बाईंना विचारा : शाल नको, लाकडं फोडायला या

१७ सप्टेंबर तोंडावर आला, म्हणजे आपला मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन झालं की सत्कार आलेच, त्यामुळं असेल पण ह्या वेळी मेलवर न् व्हॉट्सअपवर आलेल्या निम्म्या प्रश्नांत एकच विषय. गावात गुपचूप काम करणारं एखादं माणूस असतं, त्याचं कौतुक करायचं कसं. म्हणून म्हटलं सासू-सुनांचे न् बांधाच्या भांडणाचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ (पाथरीच्या ताई, तुमचं पत्र आहे माझ्याकडं, रागावू नका), आज हेच.

प्रश्न : नमस्कार बाई. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या काठाला. गावात एक मामा आहेत, वय साठच्या पुढं, दोन एकर कोरडवाहू. गावात कुणाची बी मयत होऊ द्या, कोणत्या बी जातीची, कोणत्या बी गल्लीतली, मामा कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या आधी स्मशानात. लाकडं फोडायची, सरण रचायचं, पावसात वरून ताडपत्री धरायची, आणि बाकीचे आंघोळीला नदीवर गेले तरी हे तिथंच बसून राहतेत पार विझंपर्यंत. वीस-बावीस वर्षं झाली, एक रुपया घेतला नाही, त्या घरचा चहा बी घेत नाहीत. कोरोनात घरची माणसं लांब उभी राहिली तव्हा बी हेच पुढं होते. आम्ही पोरांनी ठरवलं यंदा १७ सप्टेंबरला ग्रामपंचायतीपुढं त्यांचा सत्कार करायचा, बॅनर छापला, चौकात लावला, तर मामांनी बॅनर बघितला आणि तव्हापासून पारावर यायचंच बंद झाले. निरोप धाडला की मला स्टेजवर बसवाल तर पुढच्या मयतीला येणार नाही. बॅनरचे पैसे गेले ते गेले, पण मामा रुसले त्याचं काय करावं?
— एक वाचक, पूर्णा तालुका

उत्तर : बाळा, पहिलं काम, तो बॅनर उतरव. आजच, हे वाचून झालं की लगेच.

मामा रुसले नाहीत रे, अवघडलेत. जो माणूस वीस वर्षं मयतीच्या गर्दीत मान खाली घालून काम करायलाय त्याचा फोटो तुम्ही चौकात टांगला, वर हात जोडलेले नेते, खाली शुभेच्छुक म्हणून तुमची अठरा-वीस नावं (असणारच, मला बॅनर न बघता माहितीय). आता उद्या कुणाच्या घरी मयत झाली आणि मामा कुऱ्हाड घेऊन निघाले की लोक म्हणणार, चालले बघा सत्कारमूर्ती. आणि दुसरं असं की त्यांचं काम दुसऱ्याच्या दुःखात असतंय. कुणाचा तरणा पोरगा गेला त्या दिवशी मामा तिथं होते, हे माईकवर ऐकायचं, आणि तोच बाप समोर सतरंजीवर बसलेला. मलाही नसतं जमलं.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्याच हातून झालेली चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या अंबाजोगाईत आम्ही काही जणींनी एका सुईणबाईचा सत्कार ठरवला. चाळीसेक किलोमीटरवरचं खेडं, रस्ता म्हणजे नुसती दगडं, तिच्या हातावर दोन-तीनशे बाळंतपणं सुखरूप झालेली. कार्यक्रम चारचा, पाहुणे आले सव्वासातला, तोवर ती बिचारी प्लास्टिकच्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसून, दोन्ही हात पदराखाली. मग तिघांची भाषणं, तिघंही स्वतःबद्दल बोलले. निवेदकानं तिचं आडनाव चुकवलं. शाल, श्रीफळ, काचेची ट्रॉफी, फोटो, आणि तोपर्यंत तिच्या गावाची शेवटची एसटी गेलेली. रात्री ती माझ्याकडं झोपली. अंथरूण टाकताना म्हणाली, बाई, गावात एकीचे दिवस भरलेत, आज निघूच नये असं वाटत होतं. पुढं त्या बाळंतीणीचं काय झालं हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही, हिंमत झाली नाही. ट्रॉफी ती माझ्याकडं विसरली का मुद्दाम ठेवून गेली देव जाणे, माझ्या फ्रिजवर होती कितीतरी दिवस.

तर आता मामांचं. तुम्ही सगळ्यांनी मामांना स्मशानात लांबून बघितलंय, जरा जवळ जाऊन बघा. एका सरणाला तीन-चारशे किलो लाकूड लागतं. ते येतं कुठून? मयत सकाळची असली तर ठीक, रात्री झाली न् पाऊस असला तर कोरडी बाभळ मामा कुणाच्या गोठ्यातून आणतात? रॉकेल तर आता बघायला मिळत नाही, मग ओलं लाकूड पेटवायला काय करतात? तुमच्या स्मशानात शेड आहे का, का नुसते चार खांब न् वरचे पत्रे वाऱ्यानं गेलेले? हापसा आहे का? वाटेत ओढा आहे का, कारण आपल्याकडं अशी कितीतरी गावं आहेत की पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून तिरडी न्यावी लागते. मामांची खरी अडचण ह्यातच कुठंतरी आहे, आणि तिथं तुम्हा शिकलेल्या पोरांचा उपयोग आहे.

स्मशानभूमीचं शेड, दहनाचा ओटा, रस्ता, पाणी ह्यासाठी ग्रामपंचायतीला जनसुविधेचं विशेष अनुदान मिळू शकतं, जिल्हा नियोजनमधून येतं ते. त्याला ग्रामसभेचा ठराव लागतो. १५ ऑगस्टची ग्रामसभा तुम्ही बॅनरच्या चर्चेत घालवली असेल पण २ ऑक्टोबरची हातात आहे. त्याच्या आधी एक काम करा, तलाठ्याकडून जागेचा सातबारा काढा. गाडं बहुतेक वेळा तिथंच अडतं, पिढ्यानपिढ्या तिथंच मयती जाळल्या पण कागदावर जागा कुणा खासगी माणसाच्या नावावर नाहीतर नुसतीच गायरान. नोंद नसेल तर प्रस्ताव परत येतो आणि मग दोन वर्षं कुणी विचारत नाही. जमीन सरळ असेल तर सूचक-अनुमोदकाची नावं घालून ठराव लिहून घ्या, ग्रामसेवकाकडून नक्कल घ्या, पंचायत समितीत पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि त्याच ग्रामसभेत मामांच्या आभाराचा दोन ओळींचा ठराव इतिवृत्ताच्या वहीत घालता येतो. टाळ्या नाहीत, फोटो नाही. पन्नास वर्षांनी कुणी ती वही उघडली तर नाव सापडंल, एवढंच.

लाकडाचं म्हणाल तर उन्हाळ्यात बांधावरची वाळलेली बाभळ-लिंब निघतेच, घरटी दोन ओंडके मृगाच्या आधी शेडमध्ये रचून ठेवा. ओट्यावर लोखंडी जाळी बसवली तर खालून हवा मिळते न् लाकूड बी कमी लागतं, तुमच्यातला कुणी वेल्डिंगवाला असंलच की. तुमच्यापैकी चार-चार जणांच्या पाळ्या लावा आणि मामांना म्हणा आम्हाला सरण रचायला शिकवा. जाड ओंडके खाली, मधी फट किती ठेवायची, वारं कुठून हाय ते बघून कुठल्या बाजूनं पेटवायचं, कडेचं लाकूड घसरू नये म्हणून काय करायचं, हे त्यांच्या हाताला माहितीय, कुठंच लिहून ठेवलेलं नाही. मामा साठीच्या पुढं आहेत, उद्या त्यांच्या गुडघ्यानं साथ सोडली तर गावात हे येणारं कुणीय का? मला वाटतं ही विनंती मामा नाकारणार नाहीत.

बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत निघतो, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख, सत्तरीपर्यंत चालतो. कुऱ्हाडीचं काम आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही विचारा. ह्याला सत्कार म्हणत नाहीत हे मलाही कळतं, पण तुमच्या बॅनरपेक्षा स्वस्त पडतंय बघा.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात तू अर्ध्या ओळीत उरकलीस, ‘कोणत्या बी जातीची’. आपल्याकडं कित्येक गावांत स्मशानं अजून वेगवेगळी आहेत हे आपण सगळे जाणतो आणि कुठंच लिहीत नाही. वाळवंटात रडणारं लेकरू पैठणच्या नाथांनी कडेवर उचलून घेतलं ही गोष्ट सप्त्यात ऐकून आपण माना डोलावतो. मामा दर मयतीला तेच करायलेत. त्यांच्या मागं लाकूड उचलायला पोरं जातील तर सगळ्या गल्ल्यांतली जाऊ द्या बरं का, नाहीतर पाळ्या लावताना बरोब्बर तिथंच घोळ होतो.

माफी मागायला जाशील तर घोळक्यानं जाऊ नको. दोघं जा, संध्याकाळी, मामी घरात असताना. हात हलवत बी जाऊ नको, त्यांची कुऱ्हाड मागून घे आणि लोहाराकडून धार लावून आणून दे.

प्रश्न : बाई, मी लातूरला बीएस्सीला आहे. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड सिस्टर आहेत, आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो. कुणाला रक्त लागू द्या, रात्री दोनला फोन करा, मावशी डोनर उभा करतात म्हणजे करतातच. मला त्यांचं नाव पद्मश्रीला द्यायचंय. मित्र म्हणतात त्याला वशिला लागतो. दुसरं म्हणजे एका संस्थेचा फोन आला होता, दिल्लीत राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार देणार म्हणे, अकरा हजार रजिस्ट्रेशन फी भरायची. भरावी का?

उत्तर : फी मागितली की ते दुकान झालं. अकरा हजारात ट्रॉफी, फेटा, कुठल्याशा हॉलमध्ये फोटो, आणि तुझ्यासारखे शंभर जण त्याच दिवशी. फोन परत आला तर उचलू नको. त्या पैशात मावशींचा दोन-तीन वर्षांचा मोबाईल रिचार्ज होईल, त्यांचं सगळं काम फोनवरच चालतंय ना.

पद्म पुरस्काराचं ऐक. नाव कुणीही सुचवू शकतं, तूसुद्धा. सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाईन फॉर्म असतो, एक पैसा लागत नाही, तारखा दरवर्षी तिथंच जाहीर होतात. नोकरीत असलेले सरकारी कर्मचारी सहसा चालत नाहीत, डॉक्टर न् शास्त्रज्ञांना सूट आहे, पण मावशी रिटायर्ड आहेत म्हणजे तो प्रश्न नाही. मिळालं तर सनद न् पदक मिळतं, रोख काही नाही, रेल्वेची सवलत नाही आणि नावाआधी पद्मश्री असं लावता बी येत नाही. वशिल्याचं म्हणशील तर आपल्याच बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद, दुष्काळी मुलखात शंभराच्या वर गुरं सांभाळणारा साधा माणूस, त्यांना २०१९ ला पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तुमच्या लातूरच्या डॉ. अशोक कुकडे यांना पद्मभूषण. मिळेलच असं मी म्हणत नाही, हजारोंनी अर्ज येतात. पण अर्ज लिहिण्यातच खरी मजा आहे.

कारण तिथं कामाची माहिती ८०० शब्दांत द्यायची असते आणि आपली पोरं त्यातले सातशे शब्द थोर, निःस्वार्थी, मायेची सावली, असल्यात घालवतात. मी एकदा असे अर्ज चाळून बघितले होते, नाव झाकलं तर कुठला अर्ज कुणाचा ओळखू येईना. तू असं कर, मावशींची वही माग. फोन कितीही स्मार्ट असो असल्या माणसांकडं वही असतेच. त्यात बघ, नाव, गट, गल्ली आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. ती तारीख म्हणजे सगळं काम. पुरुषानं एकदा रक्त दिलं की त्याला तीन महिने देता येत नाही, बाईला चार महिने. प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात, म्हणजे डेंग्यूच्या दिवसांत साठवून ठेवतो म्हणून भागत नाही, माणूस त्या वेळी उभाच लागतो. एप्रिल-मेमध्ये कॉलेजला सुट्ट्या लागल्या की शिबिरं बंद आणि रक्तपेढ्या कोरड्या. म्हणजे मावशींना रात्री दोनला हे बघायला लागतं की ओ निगेटिव्हवाले आपल्याकडं पाच, त्यातल्या दोघांनी गेल्या महिन्यात दिलं, एक पुण्याला गेला, एकीचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली, उरला एक आणि तो फोन उचलेना. हे लिही. तारखा घाल, साल घाल, वहीची पानं मोज. पद्मश्री राहू दे, ही वही नीट वाचल्यावर तुला कळेल की त्यातल्या निम्म्या डोनरांची वयं आता पन्नाशीपुढं गेलीत आणि साठ-पासष्टनंतर रक्त घेतच नाहीत. तुमच्या कॉलेजातले तीस जण त्या वहीत घाल, मावशी हसतात का बघ.

प्रश्न : माझे बाबा निलंगा तालुक्यातले, शेतकरी. १९९३ च्या भूकंपात ते ट्रॅक्टर घेऊन किल्लारीकडं गेले होते, चाळीस दिवस घरी आले नाहीत असं आई सांगते. बाबा कधीच काही सांगत नाहीत. ३० सप्टेंबर आला की त्या दिवशी जेवत नाहीत, बस. मी आता लग्न होऊन संभाजीनगरला आहे. बाबांचं वय झालं, त्यांच्यासारख्या माणसांची कुठं नोंद व्हावी असं वाटतं. कसं करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

पहाटे तीन छप्पन्नला झाला तो, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. आपल्याकडची ती माळवदाची घरं, दगड-मातीच्या हातभर जाड भिंती आणि वर फूट-दोन फूट माती, उन्हाळ्यात गार म्हणून बांधलेली, तीच अंगावर आली. बावन्न गावं उठवून दुसरीकडं वसवावी लागली. मेलेल्यांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात सांगतात. ज्यानं ती माती हातानं उपसलीय तो माणूस गप्पच असणार.

त्यांना ‘बाबा तेव्हाचं सांगा’ असं म्हणू नका, ते उठून गोठ्यात जातील. साधं विचारा. ट्रॅक्टर कोणता होता? डिझेल कुठून घ्यायचे? पाऊस होता का? झोपायचे कुठं, ट्रॉलीतच? जेवण कोण द्यायचं? हातात काय होतं, टिकाव का पहार? सोबत कोण होतं? सोबत्याचं नाव निघालं की माणूस बोलतो, स्वतःबद्दल नाही बोलत पण ‘आमचा अमका होता ना’ असं म्हणून सुरू होतो. फोनचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा, पण त्यांना सांगून. आणि गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा, मधी बोलू नका, आपल्या पिढीला हेच जमत नाही. एका बैठकीत काही होणार नाही, दिवाळीला एकदा, उन्हाळ्यात एकदा. नंतर कागदावर उतरवून काढा, गावं, तारखा, सोबत्यांची नावं, आणि एक प्रत गावच्या शाळेत द्या, एक तुमच्या पोरांकडं. सोबत्यांपैकी कुणी हयात असेल तर दोघांना एकत्र बसवा, मग तुम्ही नुसता चहा करायचा.

किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, दर ३० सप्टेंबरला तिथं लोक जमतात. बाबा कधी गेलेत का? नसतील तर ‘मला बघायचंय, तुम्ही चला’ असं म्हणून बघा. नको म्हणाले तर विषय सोडा.

मला राहून राहून वाटतं, आपल्याकडं संकट लक्षात राहतं आणि माणसं गळून जातात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. टँकरपाशी घागरींच्या रांगेत भांडणं सोडवत उन्हात उभी राहिलेली पोरं कोण होती, विचारा बरं आज कुणाला.

प्रश्न : मी वसमत तालुक्यात आशा आहे. दर ८ मार्चला आम्हाला बोलावतेत, गुलाबाचं फूल न् सर्टिफिकेट देतेत, आरोग्यदूत म्हणतेत. मानधन मात्र महिना-महिना थकतंय. मी हे बोलले तर गावातलेच एक जण म्हणाले, सेवेत पैशाचं बोलू नये. मी चुकले का?

उत्तर : नाही. अजिबात नाही. पुढच्या वेळी त्या गृहस्थांना विचारा, तुमचा पगार थांबला तर गुलाबाच्या फुलावर महिना काढाल का.

आशा ही योजना २००५ पासूनची, साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा. कागदावर तुम्ही ‘स्वयंसेविका’, आणि ह्या एका शब्दाच्या आड सगळं लपतं. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, सर्व्हे, रात्री-बेरात्री बाळंतीणीसोबत दवाखाना, ह्याला काम म्हणतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला, आणि २०२३-२४ मध्ये आपल्याच राज्यात आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. मामा पैसे घेत नाहीत ती त्यांची मर्जी. तुमचं तसं नाही, तुम्हाला ठरलेलं मिळालंच पाहिजे. थकलेल्या महिन्यांचा हिशोब तारखेसह लिहून द्या, एकटीनं नको, तालुक्यातल्या सगळ्यांनी मिळून. आणि पुढच्या ८ मार्चला माईक हातात आला तर आभार मानून झाल्यावर तो हिशोब वाचून दाखवा. फूल घ्या, फुलाचा काय दोष.

प्रश्न : बाई, नाव छापू नका. अंबड तालुक्यातलं गाव. मंदिराच्या मागच्या खोलीत मी अकरा वर्षं अभ्यासिका चालवतो. पहाटे पाचला कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, पाण्याचा जार भरायचा. मी स्वतः एमपीएससीत दोनदा थोडक्यात राहिलो, मग सोडलं. आतापर्यंत नऊ पोरं लागली, पोलीस, तलाठी, एक जण पीएसआय. पेढे वाटतेत, मिरवणूक निघते, भाषणात आई-वडील न् क्लासच्या सरांचं नाव घेतेत. माझं कुणीच घेत नाही. मला वाईट वाटतं आणि मग वाईट वाटल्याची लाज वाटते.

उत्तर : लाज कशाची वाटून घेता भाऊ? अकरा वर्षं पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला आपलं नाव कानावर पडावं असं वाटलं तर त्यात काय पाप झालं. मामांना नको वाटतं, तुम्हाला हवं वाटतं, दोघंही खरे. आपल्याकडं सेवा करणाऱ्यानं वर आणि संत पण व्हावं अशी अपेक्षा असते, ती करणारे बहुतेक वेळा स्वतः सातला उठतात.

त्या नऊ जणांना सरळ फोन लावा. टोमणा मारू नका, स्टेटस ठेवू नका, फोन. म्हणा, आठवण काढत जा रे, आणि हो, अभ्यासिकेचं लाईट बिल वर्षातून एक-एक महिना वाटून घ्या. पीएसआयनं दोन घ्यावेत. खरं सांगू का, पोरांना वाटत असतं की कुलूप आपोआप उघडतं. म्हणून दुसरं काम, कुलपाच्या तीन किल्ल्या करा, सध्या बसणाऱ्या दोन पोरांकडं द्या आणि आठवड्यातून दोन दिवस तुम्ही झोपा. नाहीतर, वय विचारत नाही, पण अजून बसत असेल तर त्या दोन दिवशी तुम्हीच पुस्तक उघडा. एखादी परीक्षा तुमच्यासाठी पण निघते का बघा, दर वेळी कुलूप काढणाऱ्यानंच बाहेर बसावं असं कुठं लिहिलंय.

प्रश्न : मी धाराशिवची, वय ७१. बचत गट, दारूबंदी, पोरींची लग्नं मोडणं (बालविवाह हो!), सगळं केलं. आता घरात ४१ शाली आहेत, मोजून. सून म्हणते कपाट बंद होईना. काय करू सांगा.

उत्तर : आज्जी, सगळ्यात आधी ह्या पानाला एक फोटो धाडा, कपाटाचा.

सत्काराची शाल म्हणजे पॉलिस्टर, अंगावर घेतली की सरकते आणि थंडीत केसांना चिकटून चर्रचर्र करते. एकटीचा उपयोग नाही, पण दोन शालींच्या मधी जुनी सुती लुगडी घालून वाकळ शिवली तर झकास होते, बचत गटातल्या बायकांना काय शिकवायचंय तुम्ही. ४१ शालींच्या वीस वाकळी. डिसेंबरात सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटची माणसं फरशीवर पेपर अंथरून झोपलेली असतात, तिथं द्या. उरली एक शाल, ती सुनेला द्या, कपाट तिनंच सांभाळलंय.

नारळाचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणजे बर्फ्या झालेल्या दिसतात. पण काचेच्या ट्रॉफ्यांचं काय करायचं ते मात्र तुम्हाला सुचलं तर मला कळवा, माझा फ्रिज बदलायचाय दिवाळीत.